पडद्यापलीकडची सावड : आभासी वर्गातील गटशिक्षणाची आखणी

कोरोनाच्या पहिल्या लाटेनंतर राज्यातील महाविद्यालये १५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या उपस्थितीने उघडण्यास परवानगी मिळाली. वऱ्हाडात मात्र ती उघडतात न उघडतात तोच रुग्णसंख्या वाढू लागली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत टाळेबंदी लागू झाली. अकोल्यासह विभागातील अन्य जिल्ह्यांतही निर्बंध कडक झाले. राज्यातील महाविद्यालयांचे प्रत्यक्ष वर्ग पुन्हा सुरू व्हायला २० ऑक्टोबर २०२१ उजाडावा लागला. दरम्यानच्या काळात प्राध्यापकांचे व्याख्यान मोबाइलच्या पडद्यावर पोहोचले. पोहोचली नाही ती व्याख्यानानंतरची चर्चा. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर सोडविलेले गणित, वसतिगृहाच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत रंगलेला वाद, प्रयोगशाळेत एकाच टेबलाशी उभे राहून तपासलेली नोंद या साऱ्यातून होणारे शिक्षण त्या दीड-दोन वर्षांत जवळजवळ थांबले होते.

त्या काळाने एक गोष्ट स्पष्ट केली. व्याख्यान ध्वनिचित्रफितीत साठवून हवे तेव्हा पाठविता येते. एकत्र शिकणे तसे पाठविता येत नाही. प्रत्यक्ष वर्गात ते बरेचसे आपोआप घडते. आभासी वर्गात त्याची जाणीवपूर्वक आखणी करावी लागते. ही आखणी म्हणजे नेमके काय, ती कशी करतात, ती कुठे फसते आणि वऱ्हाडातील महाविद्यालयांना तिचा उपयोग कसा होऊ शकतो, याचा हा आढावा.

प्रश्न आजही का महत्त्वाचा?

महामारी ओसरली म्हणून हा विषय संपलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र अध्ययनाविषयीचा मसुदा प्रसिद्ध केला. एखाद्या विषयाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन आणि उर्वरित प्रत्यक्ष शिकवावा, असा विचार त्यात मांडला होता. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावरील अभ्यासक्रमांतून सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषयांची श्रेयांके मिळविण्याची मुभाही त्याच वर्षीच्या विनियमांनी दिली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यात तयार झालेल्या पदवी अभ्यासक्रमांच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प, समाजसंपर्क उपक्रम आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना श्रेयांके आहेत. असे प्रकल्प बहुधा गटाने होतात. गटातील मुले मात्र वेगवेगळ्या गावांतून ये-जा करणारी असतात. म्हणजेच महाविद्यालय उघडे असतानाही गटाचे निम्मे काम भ्रमणध्वनीवरच चालते. ते आखणीविना चालले, तर एक विद्यार्थी अहवाल लिहितो आणि उरलेले चौघे पहिल्या पानावर आपले नाव घालतात, हे चित्र प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांनाही नवे नाही.

वऱ्हाडाचा भूगोल आणि विद्यापीठ

नागपूर विद्यापीठाचे विभाजन होऊन १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठाची स्थापना झाली. डॉ. के. जी. देशमुख हे त्याचे पहिले कुलगुरू. पुढे विद्यापीठाला संत गाडगे बाबांचे नाव देण्यात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. अमरावती ते अकोला हेच अंतर सुमारे १०० किलोमीटरचे आहे. मेळघाटातील धारणीहून अमरावतीला यायचे तर घाट ओलांडावा लागतो. अकोल्यात २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. त्याचे कार्यक्षेत्र तर संपूर्ण विदर्भ आहे.

एकाच विषयाचे विद्यार्थी इतक्या विस्तीर्ण प्रदेशात विखुरलेले असणे ही एरवी अडचण मानली जाते. गटशिक्षणाच्या दृष्टीने मात्र ती संधीही ठरू शकते. पाणी, कापूस, स्थलांतर, कुपोषण किंवा बाजारभाव यांपैकी कोणताही प्रश्न घेतला, तरी दर्यापूरचा विद्यार्थी जे पाहतो ते धारणीचा पाहत नाही. दोघांची निरीक्षणे एकत्र आली, तर दोघांनाही पुस्तकात नसलेले काही मिळते.

सहकार्य आणि सहयोग

शिक्षणशास्त्रात दोन जवळच्या संकल्पना वेगळ्या मानल्या जातात. कामाचे तुकडे करून प्रत्येकाने आपापला तुकडा पूर्ण करणे आणि शेवटी ते जोडणे, हे सहकारी अध्ययन. एकाच प्रश्नावर सर्वांनी मिळून विचार करणे, परस्परांची मते तपासणे आणि त्यातून सामाईक समज घडविणे, हे सहयोगी अध्ययन. प्रत्यक्षात बहुतेक उपक्रमांत दोन्हींचे मिश्रण असते. तरीही आखणी करणाऱ्या प्राध्यापकाला आपल्याला यांतील काय हवे आहे, हे आधी ठरवावे लागते. नुसते तुकडे जोडले तर अहवाल तयार होतो. शिकणे घडतेच असे नाही.

या विचारामागे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हायगॉट्स्की यांची मांडणी आहे. विद्यार्थी एकटा जिथवर पोहोचतो, त्याच्या पुढे तो अधिक जाणत्याच्या किंवा सोबत्याच्या आधाराने जाऊ शकतो, असे त्यांनी दाखविले. अमेरिकेतील डेव्हिड जॉन्सन आणि रॉजर जॉन्सन या बंधूंनी यशस्वी गटकामाची पाच अंगे सांगितली आहेत. परस्परांवरील सकारात्मक अवलंबित्व, प्रत्येकाची वैयक्तिक जबाबदारी, एकमेकांना पुढे नेणारा संवाद, गटात वागण्याची कौशल्ये आणि आपण कसे काम केले याचा गटानेच घेतलेला आढावा, ही ती पाच अंगे होत.

शेतकरी समाजाला यांतील पहिली दोन अंगे नवी नाहीत. सावडीत एकाचे बैल आणि दुसऱ्याचे बैल मिळून दोघांची शेते होतात; आज याच्या शेतात, उद्या त्याच्या. जो आपली पाळी चुकवितो त्याची सावड पुढच्या हंगामात मोडते. इर्जिकीत अवघे गाव एका शेतात उतरते; पण प्रत्येकाने किती काम केले हे सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. आभासी वर्गात हे 'डोळ्यांसमोर असणे' नाहीसे होते. कोण राबले आणि कोण बांधावर बसून राहिले, हे पडद्यावरून कळत नाही. आखणीचा निम्मा भाग हे पुन्हा दिसू लागावे यासाठीच असतो.

आधीचे प्रयोग काय सांगतात?

दूरस्थ शिक्षणाचा महाराष्ट्राचा अनुभव जुना आहे. नाशिक येथे १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. छापील स्वयंअध्ययन पुस्तके आणि अभ्यासकेंद्रांवरील संपर्क सत्रे ही या पद्धतीची दोन चाके. अमरावतीलाही मुक्त विद्यापीठाचे विभागीय केंद्र आहे. शिक्षणासाठी वाहिलेला 'एज्युसॅट' हा उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी अवकाशात सोडण्यात आला. त्याद्वारे एका ठिकाणचा शिक्षक अनेक केंद्रांवर दिसू लागला. मात्र या व्यवस्थेचा भर शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे जाणाऱ्या प्रवाहावर होता. विद्यार्थ्यांनी आपसात बोलण्याला त्यात फारशी जागा नव्हती.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत या दुसऱ्या अंगावर काम झाले. तेथील शैक्षणिक तंत्रज्ञान विभागाच्या संशोधकांनी संगणक प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक अभ्यासक्रमात, शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात, 'आधी स्वतः विचार करा, मग जोडीदाराशी बोला, मग वर्गात मांडा' ही पद्धत वापरली. ही पद्धत अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाचे फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली होती. विद्यार्थ्यांच्या वर्तनाची नोंद घेता सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात म्हटले आहे. हा वर्ग प्रत्यक्ष भरणारा होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. याच विभागातील डॉ. सहना मूर्ती, डॉ. श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी विद्यार्थिकेंद्री नमुना विकसित केला. त्यात ध्वनिचित्रफीत मध्येच थांबवून विद्यार्थ्याला विचार करायला लावणारे संवाद, करून पाहण्याच्या कृती, पुढील वाचनाच्या वाटा आणि सहाध्यायींशी नेमक्या प्रश्नावर होणारी चर्चा असे चार घटक एकत्र गुंफले आहेत. चर्चा हा अभ्यासक्रमाला जोडलेला ऐच्छिक भाग न राहता मुख्य भाग व्हावा, हे त्यातील सूत्र आहे.

परदेशातील दोन मांडण्याही उपयुक्त आहेत. कॅनडातील गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० मध्ये ऑनलाइन अध्ययनगटासाठी तीन प्रकारची 'उपस्थिती' आवश्यक मानली. सामाजिक, वैचारिक आणि अध्यापनविषयक अशा त्या तीन होत. त्याच वर्षी ब्रिटनमधील गिली सॅमन यांनी पाच पायऱ्यांचा नमुना मांडला. प्रवेश, परस्परओळख, माहितीची देवाणघेवाण, ज्ञानाची उभारणी आणि स्वतंत्र विकास या त्या पायऱ्या. एकमेकांना कधीच न भेटलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी वादग्रस्त प्रश्नावर चर्चा करायला लावणे म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उडी मारणे होय. ती चर्चा बहुधा 'छान', 'सहमत' या शब्दांवर संपते, त्याचे कारण हेच.

आखणीचे टप्पे

*प्रश्नाची निवड.* ज्याचे उत्तर पुस्तकाच्या एका पानावर सापडते, तो प्रश्न गटाला देऊ नये. एकट्याने सोडविण्याजोगे काम पाच जणांना दिले की चौघे रिकामे राहतात. उत्तरासाठी निरनिराळी माहिती लागेल, मतभेदाला वाव असेल आणि शेवटी एक निर्णय घ्यावा लागेल, असा प्रश्न योग्य. 'ठिबक सिंचनाचे फायदे लिहा' हा एकट्याचा प्रश्न झाला. 'या गावातील १० एकरांच्या शेतकऱ्याने ठिबक घ्यावे की शेततळे खोदावे, कारणांसह ठरवा' हा गटाचा प्रश्न.

*गटाची रचना.* चार ते पाच जणांचा गट सोयीचा ठरतो. तिघांतला एक संपर्काबाहेर गेला की काम अडते आणि सातांत लपायला जागा मिळते. मित्रांनी मित्रांसोबत गट केले, तर वर्गातील जुन्या भिंती तशाच राहतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरॉन्सन यांची 'जिगसॉ' पद्धत याच प्रश्नातून जन्मली. टेक्सासमधील ऑस्टिन येथे १९७१ मध्ये गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाच्या मुलांच्या शाळा एकत्र झाल्या, तेव्हा वर्गांत तणाव निर्माण झाला. अॅरॉन्सन यांनी धड्याचे भाग करून प्रत्येक मुलाला एकेक भाग दिला. इतरांचे ऐकल्याखेरीज कोणालाच पूर्ण धडा कळणार नाही, अशी ती रचना होती. गावागावांतून, निरनिराळ्या समाजांतून आणि भाषांतून येणाऱ्या मुलांच्या आपल्याकडील वर्गालाही ती लागू पडते. गट प्राध्यापकाने करावा आणि तो निदान एक घटक पूर्ण होईपर्यंत बदलू नये.

*भूमिका.* समन्वयक, माहितीची पडताळणी करणारा, शंका काढणारा, लेखनिक आणि संपर्कप्रमुख अशा भूमिका ठरवून द्याव्यात आणि दर आठवड्याला फिरत्या ठेवाव्यात. त्या फिरत्या नसल्या तर टिपणे काढण्याचे काम कायम मुलींकडे आणि सादरीकरण मुलांकडे जाते, हा प्रत्यक्ष वर्गातला दोष पडद्यावरही उतरतो.

*वेळापत्रक.* प्रत्येक आठवड्याच्या शेवटी गटाने काहीतरी ठोस सादर केले पाहिजे. प्रश्नांची यादी, नोंदींचा तक्ता, कच्चा मसुदा यांपैकी काहीही. अंतिम तारीख तेवढी दिली, तर काम अंतिम रात्रीच होते. मात्र आखणीचा अतिरेकही घातक आहे. पिएर डिलनबुर्ग या संशोधकांनी २००२ मध्येच इशारा दिला होता, की प्रत्येक पाऊल आधीच ठरवून दिले तर विद्यार्थ्यांचा स्वाभाविक संवाद गुदमरतो आणि सहयोगाची नुसती कवायत उरते.

*साधनांची निवड.* साधन सर्वांत दुबळ्या जोडणीला पेलेल असे असावे. दृश्यसभेला डेटा बराच लागतो आणि सर्वांना एकाच वेळी जोडले जाण्याची सक्ती असते. लेखी चर्चा, ध्वनिसंदेश आणि सामाईक दस्तऐवज यांना डेटा कमी लागतो, शिवाय ज्याला त्याला आपापल्या वेळी सहभागी होता येते. म्हणून काम मुख्यतः भिन्नकालिक ठेवून आठवड्यातून एकदाच अर्ध्या तासाची समकालिक भेट घेणे, हा व्यवहार्य मेळ ठरतो. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामस यांनी विकसित केलेली 'मूडल' ही मोफत प्रणाली २००२ पासून उपलब्ध आहे. तिच्यातील प्रश्नोत्तर-मंचात विद्यार्थ्याने आपले उत्तर लिहिल्याशिवाय त्याला इतरांची उत्तरे दिसत नाहीत. 'आधी स्वतः विचार करा' या तत्त्वाची अंमलबजावणी ही छोटी तरतूद करते. सामाईक दस्तऐवजात कोणी कधी काय लिहिले याचा इतिहास राहतो. इर्जिकीत जे डोळ्यांना दिसते, ते येथे त्या नोंदीत दिसते.

व्हॉट्सअॅप सर्वांच्या हाती असल्याने गट तेथेच जमतात, हे वास्तव आहे. सूचनांसाठी ते ठीक आहे. परंतु चर्चा वाहून जाते, कोणाचा मुद्दा कोणता हे शोधता येत नाही आणि मुलींचे भ्रमणध्वनी क्रमांक सर्वांना उघड होतात. या शेवटच्या कारणाने अनेक घरांत मुलींना गटात राहू दिले जात नाही. मूल्यमापनाचे काम म्हणूनच महाविद्यालयाच्या स्वतःच्या प्रणालीवर असावे.

*शिक्षकाची भूमिका.* गट कामाला लागले म्हणजे शिक्षक मोकळा झाला, हा गैरसमज आहे. ६० विद्यार्थ्यांच्या वर्गात पाचांचे १२ गट होतात. प्रत्येक गटाचे काम वाचून दोन ओळींचा अभिप्राय द्यायला १५ मिनिटे लागली, तरी आठवड्याला तीन तास होतात. हे तास कार्यभारात मोजले गेले नाहीत, तर उत्साही प्राध्यापक एक सत्र करील आणि दुसऱ्या सत्रात पुन्हा व्याख्यानाकडे वळेल. आखणीच्या यशापयशाचा हा निर्णायक मुद्दा आहे आणि तो प्राचार्यांच्या व विद्यापीठाच्या हाती आहे.

नमुना : खारपाणपट्ट्याचा अभ्यास

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. येथील भूजल खारे आहे. काळी चिकण जमीन ओली झाली की फुगते आणि तिच्यातून पाण्याचा निचरा नीट होत नाही. विहिरी असूनही सिंचन करता येत नाही आणि पिण्याच्या पाण्याचाही प्रश्न कायम असतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने या जमिनींवर संशोधन केले आहे आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातील गावांचा समावेश करण्यात आला. भूगोल, रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांपैकी कोणत्याही विषयाच्या प्राध्यापकाला हा प्रश्न सहा आठवड्यांच्या आभासी गटकार्यासाठी घेता येईल.

पहिल्या आठवड्यात ओळख. प्रत्येकाने आपल्या गावी पिण्याचे पाणी कोठून येते, एवढेच दीड मिनिटाच्या ध्वनिसंदेशात सांगायचे. हे सांगायला पुस्तक लागत नाही आणि बोलीत सांगितले तरी चालते, त्यामुळे भीड चेपते.

दुसऱ्या आठवड्यात 'जिगसॉ'ची वाटणी. गटातील पाच जणांकडे माती, भूजल, पिके, आरोग्य आणि शासकीय योजना असे पाच विषय येतात. सर्व गटांतील 'माती'चे विद्यार्थी एकत्र येऊन तज्ज्ञगट बनवितात, तसेच इतर विषयांचेही. १२ गट असतील तर प्रत्येक विषयाला १२ जण मिळतात. त्यांचे दोन तज्ज्ञगट करावेत. तिसऱ्या आठवड्यात तज्ज्ञगट आपापल्या विषयाचे वाचन आणि दोन-तीन शेतकऱ्यांशी दूरध्वनीवरून बोलणे पूर्ण करतो.

चौथ्या आठवड्यात प्रत्येक जण मूळ गटात परतून आपला विषय इतर चौघांना शिकवितो. येथेच खरा सहयोग सुरू होतो, कारण माहिती परस्परविरोधी निघते. शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी साठविणे हा मातीच्या विद्यार्थ्याला उपाय वाटतो. पिकांचा अभ्यास करणारा विचारतो, की त्यात जाणाऱ्या जमिनीचे काय? योजनेचा अभ्यास करणारा अनुदानाच्या अटी समोर ठेवतो. पाचव्या आठवड्यात गट एका निवडलेल्या गावासाठी दोन पानांची शिफारस लिहितो. सहाव्या आठवड्यात दोन गट परस्परांच्या शिफारशी तपासतात, गट आपल्या कामाचा आढावा घेतो आणि प्रत्येक विद्यार्थी आपल्याला न दिलेल्या विषयावर एक छोटे उत्तर एकट्याने लिहितो. 'माती'च्या विद्यार्थ्याला 'आरोग्या'वर लिहिता आले, तरच गटाने एकमेकांना शिकविले असे म्हणता येईल.

कृषी पदवीच्या अंतिम वर्षातील ग्रामीण कृषी कार्यानुभव उपक्रमात विद्यार्थी गटाने गावांत राहून काम करतात. निरनिराळ्या गावांतील असे गट आभासी मंचावर जोडले आणि त्यांना एखाद्या पारंपरिक महाविद्यालयाच्या भूगोल किंवा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांची जोड दिली, तर दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना लाभ होईल.

फुकटचे गुण आणि न्याय

गटकार्याविषयी विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी तक्रार गुणांची असते आणि ती रास्त आहे. फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान यांनी दोर ओढण्याच्या प्रयोगांत दाखवून दिले, की माणसे वाढली तशी दर माणशी लागणारी ताकद घटते. हे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९७९ मध्ये अमेरिकेतील लाताने आणि सहकाऱ्यांनी टाळ्या वाजविण्याच्या आणि ओरडण्याच्या प्रयोगांत हाच कल पाहिला. गाव्रिएल सॉलोमन आणि तामार ग्लोबर्सन यांनी १९८९ मध्ये त्याची दुसरी बाजू मांडली. आपल्या श्रमावर इतर जण फुकट गुण मिळवितात हे लक्षात आले, की राबणारा विद्यार्थीही हात आखडता घेतो. म्हणजे एका कामचुकाराचे नुकसान त्याच्यापुरते राहत नाही.

त्यावर उपाय गुणविभागणीत आहे. ५० गुणांच्या प्रकल्पात २० गुण गटाच्या अहवालाला, २० वैयक्तिक उत्तराला किंवा मौखिक परीक्षेला आणि १० सहकाऱ्यांनी गोपनीयपणे दिलेल्या गुणांच्या सरासरीला ठेवता येतात. समजा, गटाला अहवालासाठी १६ गुण मिळाले. सातत्याने काम करणाऱ्या विद्यार्थिनीला वैयक्तिक उत्तरात १७ आणि सहकाऱ्यांकडून ९ गुण मिळाले, तर तिचे ४२ होतात. नावापुरता राहिलेल्या विद्यार्थ्याला ८ आणि ४ मिळाले, तर त्याचे २८ होतात. अहवाल एकच, पण गुणांत १४ चा फरक. ही विभागणी पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे. सहकाऱ्यांना गुण देताना 'ठरलेल्या दिवशी काम दिले का', 'इतरांच्या मसुद्यावर अभिप्राय दिला का' असे वर्तनाशी संबंधित प्रश्न असावेत. नुसते 'कसा आहे?' असे विचारले की मैत्री आणि वैर यांनाच गुण मिळतात.

जोडणी, भाषा आणि नवी यंत्रे

गोपनीय गुणांनी आणखी एक अन्याय होऊ शकतो. मेळघाटातील काही गावांत जोडणी मिळविण्यासाठी टेकडीवर किंवा रस्त्यावर यावे लागते. घरात एकच मोबाइल असलेल्या मुलीला तो रात्रीच मिळतो. तिचे उशिरा आलेले काम हा कामचुकारपणा नव्हे. म्हणून सत्राच्या आरंभी प्रत्येकाकडे कोणते उपकरण आहे, कोणत्या वेळी आणि किती डेटा मिळतो, याची माहिती घ्यावी आणि मुदत तासांऐवजी दिवसांत द्यावी. महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा संध्याकाळी दोन तास अधिक उघडी ठेवणे हाही आखणीचाच भाग आहे.

भाषेचेही तसेच. अहवाल प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत हवा असेल, तरी गटातील चर्चा वऱ्हाडीत, कोरकूत वा मिश्र भाषेत होऊ द्यावी. विचार ज्या भाषेत चालतो तीत तो आधी मांडला जावा; लेखनाचे संस्कार नंतर करता येतात. टंकलेखनाची अडचण असलेल्यांसाठी ध्वनिसंदेश आहेतच.

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आल्यापासून आणखी एक प्रश्न उभा राहिला आहे. दोन पानांची शिफारस आता यंत्र काही क्षणांत लिहून देते. अशा वेळी फक्त अंतिम अहवालाला गुण देणारी पद्धत टिकणार नाही. शेतकऱ्याशी झालेल्या बोलण्याची नोंद, मसुद्यांमधील बदल, मतभेद कसा सुटला याचे टिपण आणि समोरासमोरची मौखिक परीक्षा यांचे मोल त्यामुळे वाढले आहे. यंत्राने दिलेले उत्तर गटाने आपल्या गावाच्या माहितीशी ताडून त्यातील चुका काढाव्यात, असे कामही देता येईल.

सुरुवात कोठून?

सर्व विषय एकदम बदलण्याची आवश्यकता नाही. एका विषयातील एक घटक, सहा आठवडे आणि एकाच वर्गाचे १२ गट एवढ्यावर आरंभ करता येतो. सत्राच्या शेवटी प्राध्यापकाने तीन गोष्टी तपासाव्यात : किती विद्यार्थ्यांनी शेवटपर्यंत काम केले, कोण गळाले आणि का गळाले, आणि विद्यार्थ्यांना आपल्या वाट्याला न आलेला विषय कितपत समजला. गळालेल्यांची यादी धारणी-चिखलदऱ्याकडे किंवा मुलींकडे झुकत असेल, तर दोष विद्यार्थ्यांचा नसून आखणीचा आहे असे समजून पुढील सत्रात बदल करावा लागेल. त्या बदलासाठी प्राध्यापकाला वेळ, प्रयोगशाळेला वाढीव तास आणि विद्यापीठाच्या परीक्षा नियमांत वैयक्तिक व गटगुणांच्या विभागणीला जागा, या तीन बाबींची तरतूद झाली, तर अमरावती-अकोल्यातील कोणत्याही महाविद्यालयाला हे काम आज हाती असलेल्या साधनांवर सुरू करता येण्याजोगे आहे.